दिवाणखान्यांत आलेलीं यंत्रें

जवळा बाजार या गांवाच्या नांवांतच बाजार आहे. औंढा नागनाथाच्या परिसरांतील हें गांव १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. पुढें परभणी जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर १९९९ पासून तें हिंगोली जिल्ह्यांत मोजलें जाऊं लागलें. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले, तरी बाजारगांवची एक रीत बदलली नाहीं. जुनें तांबें-पितळ दुकानीं वजनावर द्यावयाचें आणि त्याच्या मोलांतून नवें भांडें घ्यावयाचें, ही ती रीत. अशा जुन्या धातूस मोड म्हणतात. मोडींत आलेल्या वस्तूचें नांव कोणी विचारीत नाहीं, वजन तेवढें विचारतात. चेपलेला तांब्या, कड तुटलेली परात, फुटका हंडा, आणि त्यांच्यांतच एखादें तळाला बारीक भोक असलेलें वाटीसारखें पात्र, हीं सगळीं तराजूच्या लेखीं सारखींच.

इकडे ही स्थिति असतां तिकडे मोठ्या शहरांतून जुन्या शास्त्रीय उपकरणांनीं दिवाणखाना सजविण्याची हौस वाढत चालली आहे. पितळी दुर्बीण, गलबतावरील होकायंत्र, वाळूचें घड्याळ, पृथ्वीचा गोल, हवेचा दाब दाखविणारी पाऱ्याची नळी, अशा वस्तु मोठी किंमत देऊन घेतल्या जातात आणि फुलदाणीच्या शेजारीं मांडल्या जातात. युरोपांत ही हौस कांहीं नवी नव्हे. तेथील राजेरजवाडे सोळाव्या शतकापासून घड्याळें, गोल आणि वेधयंत्रें आपल्या दालनांत मांडीत आले, आणि त्या दालनांतूनच पुढें कित्येक संग्रहालयें निघालीं. म्हणून या हौसेस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. मोडींत घातलेलें यंत्र भट्टींत नाहींसें होतें, तें सर्वांना दिसतें. शोभेसाठीं ठेवलेलें यंत्र डोळ्यांसमोर राहूनहि नाहींसें होऊं शकतें, आणि तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. हें कसें होतें व कसें टळतें, याचे दाखले आपल्याच इतिहासांत भरपूर आहेत.

प्रथम तें भोक असलेलें पात्रच घेऊं. तें घटिकापात्र होय. अर्ध्या गोलाच्या आकाराचें, पातळ तांब्याचें, आणि तळाच्या मधोमध सुईच्या टोंकाएवढें छिद्र असलेलें. घंगाळांत पाणी भरून हें पात्र त्यावर तरंगत सोडलें म्हणजे छिद्रांतून पाणी हळूहळू आंत चढतें, आणि पात्र कांठोकांठ भरतांच तळाशीं बुडतें. एकदां बुडण्यास जो वेळ लागतो ती एक घटका. आजच्या मापानें चोवीस मिनिटें. अशा साठ घटकांचा एक अहोरात्र. लग्नाच्या दिवशीं जोशीबुवांनीं सूर्यबिंब पाहून पात्र पाण्यांत सोडावें, प्रत्येक बुडीची खूण करून ठेवावी, आणि ठरलेली घटका भरली कीं अंतरपाट दूर व्हावा, असा हा मराठी घरांतला जुना परिपाठ. मनगटावर घड्याळें आल्यावरहि कित्येक घरीं घटिकापात्राची पूजा तेवढी राहिली. पाणी घटका मोजीत असे, पण पाहणारे मनगटाकडे पाहत असत. घड्याळानें पात्राचें काम घेतलें आणि मान त्याच्याकडेच ठेवला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

भाषेनें तर या पात्रास अद्याप सोडलेलें नाहीं. पाहुण्यास घटकाभर बसावयास सांगतात, काम घटकेंत होतें, आजारी माणूस शेवटच्या घटका मोजतो. आणि घड्याळ हा शब्ददेखील या घटीच्याच कुळांतला. मोठ्या शहरांतून घटका भरली कीं कांशाची जाड थाळी वाजवून ती लोकांना कळवीत असत. बाबर बादशहास हिंदुस्थानांत आल्यावर ही व्यवस्था नवीन वाटली, आणि त्यानें आपल्या आत्मचरित्रांत घटी, पाण्यांतील पात्र व थाळी वाजविणारे घडियाली यांचें वर्णन करून ठेवलें आहे.

हें पात्र कसें घडवावें याचे जुन्या ज्योतिषग्रंथांतील नियम मोठे काटेकोर आहेत. दहा पळें वजनाचें तांबें घ्यावें, उंची सहा अंगुळें व तोंडाची रुंदी बारा अंगुळें ठेवावी, आणि छिद्र ठराविक वजनाच्या, चार अंगुळें लांब अशा सोन्याच्या सुईनें पाडावें, असे ते नियम. भास्कराचार्यांनीं मात्र बाराव्या शतकांत सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायांत ही सगळी यातायात बाजूस सारली. त्यांचें म्हणणें असें कीं, अर्ध्या घड्याच्या आकाराचें तांब्याचें पात्र करावें, तळाशीं भोक पाडावें, तें अहोरात्रांत किती वेळां बुडतें तें मोजावें, आणि त्या संख्येनें साठ घटकांस भागावें. येईल तें त्या पात्राचें माप. पात्राचा आकार सुबक आहे कीं नाहीं, वजन नेमकें दहा पळें भरतें कीं नाहीं, याची चिकित्सा नको. तें काय करतें हें पाहून त्याची किंमत ठरवावी. आठशेंहून अधिक वर्षांपूर्वींचा हा विचार आजहि ताजा वाटतो.

भास्कराचार्यांच्या नांवाशीं जोडलेली लीलावतीची कथा श्रोत्यांनीं ऐकलेली असेलच. लग्नघटिका साधण्यासाठीं मांडलेल्या घटिकापात्रांत डोकावतांना कन्येच्या अलंकारांतील एक मोतीं आंत पडला, भोक बुजलें, पाणी चढलें नाहीं, आणि मुहूर्त निघून गेला, अशी ती कथा. अकबराच्या दरबारांतील फैजी यानें १५८७ सालीं लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, त्यांत ती आढळते. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं. तेव्हां इतिहास म्हणून ती स्वीकारतां येत नाहीं. पण ज्यानें ही कथा प्रथम सांगितली त्यानें घटिकापात्र जवळून पाहिलेलें असलें पाहिजे. हें यंत्र कशानें मरतें, तें त्यानें बरोबर हेरलें. त्यास घाव लागावा लागत नाहीं, आग लागावी लागत नाहीं. एक दागिना पुरतो.

आजच्या घरांत मोत्याचें काम झाळ करते. आजीच्या काळचें तांब्याचें पात्र माळ्यावर सांपडतें; घरच्यांना तें आवडतें; त्यांत पाणी घालून फुलें सोडावींत असें वाटतें; पण पाणी गळतें. म्हणून तें तांबटाकडे जातें, आणि तांबट बिचारा आपल्या धर्माप्रमाणें गळकें भांडें झाळून देतो. पात्र घरांतच राहिलें, चकचकीत झालें, पाहुण्यांनीं वाखाणलें. घटिकापात्र मात्र त्या दिवशीं संपलें. मोडींत गेलें असतें तर निदान घरांत कोणी तरी हळहळलें असतें.

येथें कोणी विचारील कीं, ज्या मुलुखांत ज्योतिषाची एवढी परंपरा होती तेथें जुनीं धातूचीं यंत्रें इतकीं थोडीं कां आढळतात? परंपरा होती, यांत शंका नाहीं. गोदावरीच्या आश्रयानें वसलेलें पार्थपूर म्हणजे आजची पाथरी, जवळा बाजारापासून फार दूर नव्हे. दोन्ही गांवें कित्येक वर्षें एकाच परभणी जिल्ह्यांत होतीं. त्या पार्थपुरीं ज्ञानराज नांवाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांचा सिद्धान्तसुंदर हा ग्रंथ १५०३ च्या सुमाराचा असून त्यांतहि यंत्रांचा विचार केलेला आहे. त्याच शतकांत कोंकणांतील नांदगांवीं गणेश दैवज्ञ झाले. त्यांचें १५२० चें ग्रहलाघव पुढें शतकानुशतकें महाराष्ट्रांतील पंचांगकर्त्यांच्या हातीं होतें. याच गणेश दैवज्ञांनीं प्रतोदयंत्रावर एक छोटें प्रकरण लिहिलें आहे. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारखी एक सरळ काठी, तिच्या अंगावर निरनिराळ्या ऋतूंसाठीं आंखलेल्या रेघा, आणि वरच्या टोंकाशीं आडवी बसविलेली एक लहान खुंटी. काठी उभी लोंबती धरली कीं खुंटीची सावली खालीं काठीवर पडते, आणि ती कोणत्या रेघेपर्यंत पोंचली यावरून दिवस किती घटका वर आला तें कळतें. प्रवासांत हातीं बाळगावयास याहून सुटसुटीत साधन कोणतें?

अशी यंत्रें बहुधा लांकडाचीं, वेळूचीं केलेलीं. वाळवीनें आणि चुलीनें त्यांचा निकाल लावला. धातूचीं होतीं तीं मोडींत गेलीं. शिवाय आपल्याकडे ज्ञान पोथींत आणि हातांत ठेवण्याची वहिवाट, वस्तूंत ठेवण्याची नव्हे. अनेक यंत्रें वर्णून झाल्यावर भास्कराचार्य ज्याची सर्वांहून अधिक वाखाणणी करतात तें धीयंत्र, म्हणजे बुद्धीचें यंत्र. आणि त्यासाठीं हातांत एक काठी असली कीं पुरे. हा विचार थोर खरा. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, काठी टाकून देतांना कोणास वाईट वाटलें नाहीं.

यंत्रें हौसेनें जमवून आपल्या वाड्यांत मांडणारा मराठी पुरुष शोधूं गेल्यास महाराष्ट्र सोडून थेट तंजावरास जावें लागतें. तेथें व्यंकोजी भोसल्यांनीं स्थापिलेल्या गादीवर १७९८ सालीं सरफोजी राजे बसले. दुसऱ्याच वर्षीं इंग्रजांशीं झालेल्या तहानें राज्यकारभार त्यांच्या हातून गेला. किल्ला, वाडा आणि तनखा एवढेंच राहिलें. दुसऱ्या एखाद्या संस्थानिकानें तो तनखा कोठें घालविला असता, तें सांगणें नको. सरफोजी राजांचें शिक्षण श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखालीं झालें होतें, आणि त्यांस नव्या विद्यांचा मनापासून नाद लागला होता. त्यांनीं सरस्वती महालांतील ग्रंथसंग्रह वाढविला, देवनागरी छापखाना घातला, औषधांसाठीं धन्वंतरी महाल चालविला, आणि युरोपांतून नानाविध उपकरणें मागविलीं. हवा उपसून टाकणारा पंप, विजेची ठिणगी पाडणारें यंत्र, आकाश पाहण्याचीं साधनें, आणि शरीररचना शिकण्यासाठीं हस्तिदंताचा केलेला मानवी सांगाडा, यांचा उल्लेख त्या काळच्या इंग्रज पाहुण्यांच्या वर्णनांतून येतो.

पाहुण्यांना हें सर्व एका देशी राजाचें कौतुकालय वाटलें. तसें कांहीं अंशीं तें होतेंहि. भिंतीवर चित्रें, कपाटांत खनिजें, मध्यें यंत्रें, अशी ती मांडणी पाहुण्यांस दिपविण्यासाठींहि होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तेवढ्यावर थांबणें अन्यायाचें होईल. याच राजानें पोरांना शिकविण्यासाठीं नवविद्येच्या शाळा काढल्या, आणि देवेंद्र कुरवंजी नांवाचें मराठी नाटक रचून त्यांत पृथ्वीचा भूगोल गाण्यांतून सांगितला. ज्याच्या वाड्यांत गोल होता त्याच्या नाटकांतली कुरवंजी देशोदेशींचीं नांवें सांगत होती. यंत्र दिवाणखान्यांत असूनहि जिवंत राहतें तें असें.

सरफोजी राजांच्याच राजधानींत १८०८ सालीं एका यंत्रावर मोठा प्रसंग गुदरला. विल्यम लॅम्टन हा इंग्रज अधिकारी दक्षिण हिंदुस्थानची त्रिकोणपद्धतीनें मोजणी करीत होता. त्याचें कोन मोजण्याचें मोठें थिऑडोलाइट सुमारें अर्ध्या टनाचें होतें. सपाट मुलुखांत उंच जागा मिळेना म्हणून तें बृहदीश्वराच्या देवळावर दोरखंडांनीं चढवीत असतां दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलें, आणि त्याचें अंशांकित वर्तुळ वांकलें. लॅम्टन तें घेऊन सुमारें सहा आठवडे बंद जागेंत बसला आणि हळूहळू ठोकून, ओढून त्यानें वर्तुळ पुन्हा कामापुरतें गोल केलें. शोभेच्या यंत्रावर असा प्रसंग सहसा येत नाहीं, कारण त्यास कोणी देवळावर चढवीत नाहीं.

हेंच मोजणीचें काम उत्तरेस सरकत निजामाच्या राज्यांत आलें. हैदराबादेस लॅम्टनचा मुक्काम कित्येक वर्षें होता, आणि बीदरच्या बाजूनें वऱ्हाडाकडे त्याच्या त्रिकोणांची सांखळी गेली. नागपूरच्या वाटेवर असतांना २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें तो वारला. त्याचें थडगें तेथेंच आहे. तें जखमी थिऑडोलाइट पुढें दुरुस्त होऊन आणखी कांहीं वर्षें कामास आलें, आणि आज डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ताब्यांत आहे. त्याच्या पितळेवर जें कांहीं दिसतें त्यांतील निम्मा इतिहास त्याच्या दुरुस्तीचा आहे.

हैदराबादचें नांव निघालें आहे, तर त्या एकाच शहरांतील दोन अमीरांची हकीकत येथें सांगितली पाहिजे. जवळा बाजार, हिंगोली, परभणी या साऱ्या भागाची राजधानी तेव्हां हैदराबादच होती. पहिले नवाब जफर जंग. त्यांस आकाशदर्शनाचा छंद. त्यांनीं इंग्लंडांतून दुर्बीण आणविली आणि १९०१ सालीं फिसलबंडा येथील आपल्या जागेंत वेधशाळा उभारून तिला निजामिया हें नांव घेतलें. अमीराच्या बागेंतली दुर्बीण म्हणजे दोन-चार रात्रीं पाहुण्यांस चंद्र दाखवावयाचा आणि मग तिच्यावर रेशमी झूल घालावयाची, असेंच पुष्कळदां होतें. येथें तसें झालें नाहीं. १९०७ सालीं नवाब वारले. दुसऱ्या वर्षीं संस्थान सरकारनें वेधशाळा आपल्याकडे घेतली आणि ती पुढें बेगमपेठेंत नेली. त्या वेळीं जगांतील अनेक वेधशाळांनीं मिळून सर्व आकाशाचीं छायाचित्रें घेऊन तारकांची यादी करण्याचें काम वांटून घेतलें होतें. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा मूळ चिली देशांतील सांतियागोच्या वेधशाळेकडे होता. तेथें तें काम पडून राहिल्यावर तो हैदराबादेनें उचलला. आठ इंची छायाचित्रक दुर्बिणीनें रात्रीमागून रात्री कांचा उतरविल्या गेल्या, लक्षावधि तारकांच्या जागा मोजल्या गेल्या, आणि त्यांचे खंडच्या खंड छापून निघाले. १९२२ सालीं पंधरा इंची मोठी दुर्बीणहि तेथें कामास लागली. एका नवाबाच्या छंदाचें हें फळ.

दुसरे अमीर नवाब मीर युसुफ अली खान, तिसरे सालार जंग. त्यांचा जन्म १८८९ सालीं पुण्यांत झाला. १९१२ ते १९१४ या काळांत ते निजामाचे दिवाण होते. तें पद सोडल्यावर त्यांनीं उरलेलें सारें आयुष्य आणि अफाट संपत्ति वस्तु जमविण्यांत घातली. चित्रें, हत्यारें, चिनी मातीचीं भांडीं, पोथ्या, घड्याळें, जें सुंदर किंवा विलक्षण दिसेल तें दिवाण देवडी या त्यांच्या वाड्यांत आलें. त्यांनीं लग्न केलें नाहीं. २ मार्च १९४९ रोजीं ते वारले, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें त्याच वाड्यांत संग्रहालय उघडलें. १९६८ पासून तें मुसी नदीच्या कांठच्या नव्या इमारतींत आहे.

या संग्रहालयांत गेलेल्या मराठवाड्याच्या माणसानें घरीं येऊन सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे तेथील वाजतें घड्याळ. दर तासाला एक लहानसा बाहुला बाहेर येतो आणि जितके वाजले असतील तितके टोले देतो. दुपारीं बारांच्या सुमारास त्यापुढें लोकांची बैठकच भरते. हें घड्याळ कलकत्त्याच्या कुक आणि केल्वी या पेढीकडून आलें. त्याच संग्रहांत, पण त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेहि डोळे ज्याच्याकडे वळत नाहींत, असें एक पितळी यंत्र आहे. लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यानें तें १५६७ सालीं घडविलें. मोगल काळांतील उपलब्ध यंत्रांत तें अगदीं आरंभींचें मानतात. फारसींत त्यास उस्तरलाब म्हणतात. आपल्या संस्कृत ज्योतिष्यांनीं त्यास यंत्रराज ही पदवी दिली, आणि महेंद्रसूरि यानें १३७० सालीं त्याच नांवाचा ग्रंथ त्यावर रचला.

यंत्रराज म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगण्याजोगें आहे, कारण घर सजविणाऱ्यांच्या डोळ्यांत भरणारें याच्यासारखें दुसरें यंत्र नाहीं. ताटासारखी एक जाड पितळी तबकडी, कडेला उंच कांठ, आणि वरच्या बाजूस कोरीव मखर व कडी. ताटाच्या पोकळींत पातळ पत्रे एकावर एक बसतात. प्रत्येक पत्र्यावर एकेका अक्षांशासाठीं क्षितिजाच्या आणि उंचीच्या वक्र रेषा कोरलेल्या. त्यावर एक नक्षीदार जाळी फिरते. पाहणाऱ्यास ती वेलबुट्टी वाटते. पण त्या वेलीच्या प्रत्येक पानाचें टोंक म्हणजे एकेक तारा असतो आणि त्या ताऱ्याचें नांव पानावर कोरलेलें असतें. पाठीमागें अंशांच्या खुणा आणि फिरती पट्टी. रात्रीं यंत्र कडीनें लोंबतें धरावें, पट्टीवरून एखादा ओळखीचा तारा पाहून त्याची उंची वाचावी, मग पुढच्या अंगास त्या ताऱ्याचें पान तितक्याच उंचीच्या रेषेवर आणावें. जाळीच्या फिरण्यावरून किती रात्र गेली तें कळतें. ताटाच्या तळावर लाहोर, दिल्ली, आग्रा अशा नगरांचे अक्षांश कोरून ठेवण्याची या कारागिरांची रीत होती, म्हणजे प्रवाशानें गांव बदलला कीं पत्रा बदलावा. अल्लाहदादच्या घराण्यांत मुलगे, नातू, पणतू यांनीं शंभरांवर वर्षें हा धंदा चालविला.

या यंत्रांत नक्षी आणि गणित निराळीं काढतांच येत नाहींत. पान जरा वांकलें कीं तारा ढळला. पत्रे हरवले, किंवा एका यंत्राची जाळी दुसऱ्याच्या ताटांत बसविली, कीं वरून तेंच सौंदर्य राहतें आणि आंत कांहीं उरत नाहीं. संग्रहालयाच्या कांचेआड यंत्र सुरक्षित आहे, अभ्यासकांनीं त्याच्या रेषा मोजून, लेख वाचून छापल्या आहेत. म्हणून तें तेथें बोलतें. सालार जंगांनीं तें कोणत्या हेतूनें घेतलें असेल? बहुधा सुंदर म्हणूनच. त्यांच्या हौसेनें तें भट्टींतून वांचलें, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. पुण्यांत ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, कुलपें अशा रोजच्या वापरांतल्या जिनसा गांवोगांव हिंडून आपल्या घरीं गोळा केल्या आणि दिवंगत पुत्राच्या नांवें त्यांचें संग्रहालय केलें, तें तर मोडीच्या तराजूशीं प्रत्यक्ष झुंजच होती.

आतां आजच्या हौसेकडे वळूं. बाजारांत जुनें म्हणून मिळणारें पितळी यंत्र बहुधा जुनें नसतें. रुडकी येथें १८४७ सालीं अभियांत्रिकीचें महाविद्यालय निघालें. गंगेच्या कालव्याच्या कामामुळें त्या गांवीं कारखाना झाला, आणि मोजणीचीं उपकरणें करण्याचा धंदा तेथें रुजला. त्या धंद्याची एक शाखा आज गलबतावरील यंत्रांच्या शोभिवंत नकला करते. त्यांवर लंडनच्या जुन्या कारखानदारांचीं नांवें आणि जुनीं सालें कोरलेलीं असतात. नक्कल म्हणून विकली तर तींत पाप नाहीं. पण दुकानदार ती आजोबांच्या काळची म्हणून गळ्यांत बांधतो, आणि घेणारा पितळेचा काळपटपणा पाहून माना डोलावतो. काळपटपणा आम्लानें एका दिवसांत आणतां येतो. गणित आणतां येत नाहीं. सेक्स्टंट घेतलें तर कांटा शून्यावर आणून दूरच्या क्षितिजाकडे पाहावें. आरशांतलें आणि प्रत्यक्ष दिसणारें क्षितिज एका रेघेंत जुळलें पाहिजे, किंवा जुळवितां तरी आलें पाहिजे. यंत्रराजाच्या नकलेंत जाळीवरचीं पानें कोठेंहि बसविलेलीं आणि पत्र्यावरील वक्र रेषा मनास येतील तशा ओढलेल्या आढळतात.

खऱ्या जुन्या यंत्रास तर मालकाच्या प्रेमाचेंच भय अधिक. चिंच, मीठ आणि राख यांनीं दर दिवाळीस घांसलेल्या पितळेवरील बारीक अंश कांहीं वर्षांत पुसून जातात, आणि अंश गेले कीं तें यंत्र म्हणून गेलेंच. पाऱ्याची जुनी नळी घरांत टांगणें धोक्याचें आहे, कारण नळी फुटून सांडलेला पारा फटींत बसतो आणि त्याची वाफ विषारी असते. कायद्याचेंहि भान हवें. १९७२ चा पुरावस्तूंसंबंधींचा कायदा १९७६ पासून अमलांत आहे. शंभर वर्षांहून जुन्या आणि शास्त्राच्या इतिहासावर प्रकाश टाकणाऱ्या वस्तु त्याच्या व्याख्येंत येतात, आणि अशी वस्तु खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं.

ज्या घरीं घटिकापात्र असेल त्यांस यांतलें कांहींच करावें लागत नाहीं. लगबग नसलेला एखादा दिवस निवडावा. घंगाळांत स्वच्छ, गाळलेलें पाणी घ्यावें, म्हणजे भोकांत कचरा अडकणार नाहीं. भोकावर जुनी झाळ असेल तर ती स्वतः खरवडूं नये, कारण भोक मोठें झालें तर पुन्हा लहान करतां येत नाहीं. सूर्योदयास पात्र सोडावें, आणि घरांतल्या पोरांनीं आळीपाळीनें बसून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत बुड्या मोजाव्यात. साठ भरल्या तर उत्तमच. अठ्ठावन्न भरल्या तरी बिघडलें नाहीं. भास्कराचार्यांच्या रीतीनें त्या पात्राची एक बूड २४ मिनिटें ५० सेकंदांची धरावी. हिवाळ्यांत थंड पाणी भोकांतून सावकाश चढतें, त्यामुळें बुड्या थोड्या कमी भरतील. म्हणून मोजणीचा महिनाहि लिहावा. पात्र कोणाच्या घरचें, कोणत्या गांवचें, कोणाच्या लग्नांत वापरलें, तें वडीलधाऱ्यांस विचारून त्याच कागदावर उतरावें, आणि तो कागद घडी करून पात्रांतच ठेवावा.